ब्रेक कोणी लावला?

लोक येतात, सतरंजीवर बसतात आणि मला सांगतात की गावंडे साहेब उभ्या आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत. दहाव्याला तुमच्या ऑफिसातले एक जुने गृहस्थ म्हणाले, "असा शांत माणूस होणे नाही." मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, मी रडते आहे, आणि ते बिचारे स्वतःच रडायला लागले.

त्यांना कसं सांगणार, की हा शांत माणूस माझ्याशी पन्नास वर्षांहून जास्त भांडला, आणि तेही हातभर दोरीवरून! दोरी हवी होती की नको होती, हे आपलं अजून ठरलेलं नाही. तुम्ही मध्येच उठून गेलात. म्हणून तुमच्याशीच बोलते आहे. बाकीच्यांना हे भांडण कळणारही नाही.

आपलं लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली होती. तुम्ही ओव्हरसियर, बदली धारणीला. मी अकोल्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. जुन्या शहरात आपल्या भाड्याच्या दोन खोल्या. शनिवारी संध्याकाळी तुम्ही मेळघाटातल्या धुळीनं लाल होऊन यायचे, आंघोळ करायचे आणि जेवायच्या आधी पलंगाखालून विमान बाहेर ओढायचे. बाकीच्या बायकांचे नवरे शनिवारी सिनेमाला न्यायचे. माझा नवरा मला म्हणायचा, "इंदू, जरा हा पंख धर."

विमान चांगलं चार हात लांबीच्या पंखांचं होतं. हलकं लाकूड, वर पातळ कागद, त्यावर वार्निश. तीन चाकं, एक नाकाखाली आणि दोन पंखांखाली. नाकात एवढंसं इंजिन, एरंडेल मिसळलेल्या इंधनावर चालणारं. शिकायला विलायतेत गेलेल्या तुमच्या चुलतभावानं परत येताना रेडिओचा संच आणला होता, आणि स्वतःला जमेना म्हणून तुम्हाला देऊन टाकला होता. त्या संचाला कामं दोनच यायची. शेपटीचं उभं पान डावीकडे-उजवीकडे वळवायचं आणि आडवं पान वर-खाली करायचं. वर केलं की विमान चढायचं, खाली केलं की नाक झुकवायचं. इंजिन कमी-जास्त करायची सोय नव्हती. इंधन संपलं की ते आपोआप बंद पडायचं, मग विमान घारीसारखं तरंगत खाली यायचं. उतरायची संधी एकच.

पहिल्यांदा तुम्हीच उडवलं. तीन रविवार, तीन वेळा नाक मोडलं. मी मैदानाच्या कडेला दगडावर बसून वह्या तपासायची. तिसऱ्या वेळी मी लाल पेन्सिल कानावर खोचली आणि म्हटलं, "द्या इकडं. तुमी वळणावर घाई करता."

तुम्ही रेडिओचा कळांचा डबा माझ्या हातात दिला. मी ते विमान वर नेलं, दोन गिरक्या घेतल्या आणि कपबशी ठेवावी तसं मातीवर आणून ठेवलं. त्यानंतर तुम्ही तो डबा कधीच परत मागितला नाही. रागावला नाहीत, रुसला नाहीत, "बायको होऊन" वगैरे बोलला नाहीत. फक्त म्हणाले, "मंग मी बनोतो, तू उडोव." त्या काळात एखाद्या पुरुषानं इतकं सहज बाजूला होणं किती मोठं होतं, हे मला तेव्हा कळलंच नाही. मी पुढची वही उघडली.

आपलं मैदान मोर्णा नदीच्या अंगाला होतं. तिथली काळी माती उन्हाळ्यात अशी टणक व्हायची, की विमान टेकलं तरी थांबायचं नाव घेत नसे. गडगडत जायचं. आणि मैदानाच्या शेवटी नाला. दोनदा विमान नाल्यात गेलं. दुसऱ्या वेळी चिखलातून पंख काढताना तुम्ही म्हणाले, "याले ब्रेक पायजे."

"ब्रेक कायले? अलीकडं उतरोते ना मी."

"अन् वारा पडला तं?"

"तं अजून अलीकडं उतरोते."

तुम्ही ऐकलं नाहीत. पण रेडिओला तिसरं काम येत नव्हतं, मग ब्रेक ओढणार कोण? दोन आठवडे तुम्ही धारणीच्या डाकबंगल्यात त्यावर विचार करत होता. एका शनिवारी आलात ते पायऱ्यांवरूनच ओरडत आलात. "आडव्या पानानंच ओढाचा! पान पुरं खाली केलं का दोरी ताणन, अन् दोरी चाक धरन. हवेत पान एवढं खाली कोण करते?"

चाकांच्या बाजूला तुम्ही शिवणाच्या रिळाचे लाकडी तुकडे चिकटवले. त्यांच्याभोवती दोरीचा वेढा, आणि दोरीचं टोक शेपटीच्या पानाला. पहिल्या दिवशी एक चाक आधी अडलं आणि विमान गर्रकन फिरून स्वतःच्याच पंखावर पडलं. माझा चेहरा 'सांगितलं होतं ना' म्हणाला असणार. पुढच्या खेपेला मी भाजीची पिशवी नाडी ओढून बंद करत होते, तर तुम्ही ती माझ्या हातातून हिसकावून घेतलीत. वांगी घरभर पळाली. नाडी एकीकडून ओढली तरी तोंड दोन्हीकडून सारखं आवळतं, हे तुम्हाला दिसलं होतं. मग एकच दोरी, मध्ये एक कडी, दोन टोकं दोन चाकांना. कडी ओढली की दोन्ही चाकं एकदम अडायची. सुती दोरी एरंडेलानं घसरायला लागली, तेव्हा तुम्ही जुन्या शहरातल्या पिंजाऱ्याकडून त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीच्या तातेचा, आतड्याच्या चिवट दोरीचा, तुकडा आणला. ती तात घसरली नाही. विमानाच्या पोटाखाली, शेपटीच्या पानाला जोडलेल्या तारेचा एक छोटा हूक होता. कडी त्यात अडकवली की ब्रेक जोडला, काढली की ब्रेक सुटा. साधं काम होतं. आज म्हणते, सुंदर काम होतं.

तेव्हा मात्र मी म्हटलं नाही. माझी हरकत खोटी नव्हती हो. विमान खाली आणताना कधी कधी नाक जोरात झुकवावं लागतं. त्या घाईत पान पुरं खाली असतानाच जमीन लागली, तर अडलेल्या चाकांनी विमान तोंडावर आपटणार. शिवाय मला वाटायचं, ब्रेक आहे हे माहीत असलेला हात आळशी होतो.

तुमचं उत्तर ठरलेलं. "घाटात जो डायवर ब्रेक लावत नाही, तो चांगला डायवर. पण ब्रेक हाये हे त्याले मालूम पायजे. नाही तं त्याचे हात थरथरतात."

"माह्ये हात थरथरत नाहीत."

"नाई थरथरत," तुम्ही म्हणायचे, आणि हूक अडकवायचे.

मग अमरावतीचं ते शेतकी प्रदर्शन आलं. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. विमान म्हटलं की माणसं कामधाम सोडून वर बघायची. प्रदर्शनाच्या मंडळींना कुठून तरी आपल्याबद्दल कळलं आणि त्यांनी बोलावणं धाडलं. अध्यक्ष एक नामांकित वकील होते, धोतर, काळा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी. जागा बघायला आपण दोघं गेलो. एका बाजूला नांगर-पाण्याच्या पंपांचे मंडप, समोर बायका-पोरांना बसायची जागा, आणि मध्ये रोलर फिरवून गुळगुळीत केलेली एक पट्टी. आपल्या मोर्णेकाठच्या मैदानाच्या अर्धीसुद्धा नाही.

वकीलसाहेबांनी बायकांच्या जागेपुढे काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवली. "इथं चुन्याची रेघ मारतो. विमान रेघेच्या अलीकडं थांबलं पाहिजे. पलीकडं माणसं आहेत. तुमची खात्री असेल तर करा, नाहीतर नका करू. आणि उडवणार तुम्हीच ना?"

"नाई," तुम्ही म्हणाले. "हे उडोते."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तुमच्याकडे. "बाई? अहो, लोक काय म्हणतील? काही झालं तर त्यांच्या शाळेतही बोभाटा होईल."

"साहेब, मी उडोलं तं विमान तुमच्या मंडपात येईन. हे उडोते तं रेघेच्या अलीकडं थांबन. अन् त्याले ब्रेक हाये. लिहून देतो."

आणि तुम्ही खरोखर लिहून दिलंत! तिथल्या टेबलावरचा कागद ओढून, माझ्याकडे न बघता: विमानाला चाकांचा ब्रेक बसवलेला आहे, उतरताना तो वापरला जाईल. खाली सही.

परतीच्या मोटारीत बडनेरा मागं पडलं. मग मीच विषयाला तोंड फोडलं. "तुमी मले इचारलं काहून नाही?"

"इचारलं असतं तं तू नाई म्हटली असती."

"मंग? नाई म्हणाचा हक्क कोणाचा हाये? हात कोणाचा हाये?"

"हात तुह्या. चाकं माह्ये."

किती चिडले होते मी! सगळ्या जगासमोर तुम्ही माझ्या हाताच्या बाजूनं उभे राहिलात, आणि त्याच दमात त्या हातावर भरवसा नाही असं लिहूनही दिलंत, असं मला वाटलं. आठवडाभर मी तुमच्याशी भाजी-भाकरीपुरतं बोलले. आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, दुपारी तुम्ही इंधनाची बाटली आणायला गेला होतात तेव्हा, मी विमान उलटं केलं आणि हुकातून कडी काढून टाकली. तात नीट गुंडाळून पोटाशी कागदाखाली खोचली. वरून काही दिसत नव्हतं. उतरवून दाखवते म्हटलं. ब्रेकशिवाय उतरवते, आणि मग यांना सांगते.

हे मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला एवढी माणसं, की मंडपाच्या दांड्यांवर चढून बसलेली. नांदगाव खंडेश्वराहून माझ्या माहेरची माणसं बैलगाड्या जोडून आली होती. माझ्या मुख्याध्यापिकाबाई पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून. आपली वाटणी नेहमीची होती. उडायच्या आधी पोटाखालचं तुम्ही तपासायचं, पानं मी तपासायची. तुम्ही विमान उचललंत, खालून पाहिलंत, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. तुम्ही विमान खाली ठेवलंत आणि एवढंच म्हणाले, "ठीक हाये. जा."

इंजिन लागलं. एरंडेलाचा वास, निळा धूर, आणि विमान सुटलं. ते वर गेलं तसा सगळ्या गर्दीतून एक हुंकार आला. मी त्या दिवशी उडवलं तसं पूर्वी कधी उडवलं नव्हतं. गोल घेतले, आडवं आठ काढलं, मंडपांवरून एवढ्या खालून नेलं की मुनीम लोकांनी टोप्या धरल्या. मग इंजिन फुर्र करून बंद पडलं आणि एकदम सगळं शांत झालं. मिनिटाला हजारो फेऱ्या घेणाऱ्या इंजिनाचा आवाज थांबला की माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो.

मी विमान वळवलं. समोरून बेताचा वारा होता, त्याच्यावर माझा सगळा हिशेब होता. आणि शेवटच्या वळणाला तो वारा पडला. मेलाच. पंपांच्या मंडपावरची पताका बांबूला चिकटून लोंबायला लागली. विमान जमिनीला लागेना. पट्टी अर्धी संपली तेव्हा चाकं टेकली. मऊ टेकली, पण टेकून ते धावतच राहिलं. समोर चुन्याची रेघ, रेघेमागे बायका. कुणी तरी पोर उचलून कडेवर घेतलं. शेपटीचं पान इकडे-तिकडे करून त्या वेगाचं काही होण्यासारखं नव्हतं.

आणि माझ्या अंगठ्यानं आडव्या पानाची कळ पूर्ण खाली दाबली.

का दाबली? ब्रेक जोडलेला नाही हे मला माहीत होतं. मीच तो सोडवला होता. बुडणारा माणूस हवाही धरतो, तशी दाबली असेल. पण चाकं धरली गेली! दोन्ही, एकदम. नाक किंचित वाकलं, मातीवर दोन काळे ओरखडे उठले आणि विमान रेघेच्या दीड हात अलीकडे उभं राहिलं, शाळेत हजेरी देतात तसं.

टाळ्यांचा असा पाऊस मी पुन्हा ऐकला नाही. पण तेव्हा मी तिकडे बघतच नव्हते. मी तुमच्याकडे बघत होते. आणि तुम्ही विमानाकडे बघत नव्हतात. तुम्ही माझ्या अंगठ्याकडे बघत होतात.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कडी सुटलेली तुम्ही पाहिली होती आणि काही न बोलता पुन्हा अडकवली होती. आणि मला कळलं होतं की तुम्हाला कळलंय. आणि तुम्हाला दिसलं होतं की 'ब्रेक लावणार नाही' म्हणणाऱ्या बाईनं ब्रेक लावला. त्या क्षणी आपण दोघंही पकडले गेलो होतो. तुम्ही हसलात. मीही हसले. लोकांना वाटलं, विमान थांबलं म्हणून.

वकीलसाहेब मात्र वकील होते. ते उठून आले, ओरखडे काठीनं तपासले आणि म्हणाले, "एकदा थांबलं याला योगायोग म्हणता येईल."

मी तुमच्याकडे पाहिलंही नाही. "काठी द्या," मी म्हटलं. त्यांनी दिली. मी ती रेघेच्या पाच हात अलीकडे मातीवर आडवी ठेवली. "या काठीले न शिवता थांबवते. तुमी इथंच उभे राहा."

"इथंच?"

"काठीच्या मागं. लिहून नाही देत. पाहा."

तुम्ही इंधन भरलंत. हात तुमचे थरथरत होते हो, माझे नाही! दुसऱ्या खेपेला मी ब्रेकवर भरवसा ठेवून उतरले. आयुष्यात पहिल्यांदा, मनापासून. विमान पट्टीच्या अगदी तोंडाशी टेकवलं, निम्म्या पट्टीपर्यंत मोकळं पळू दिलं आणि मग कळ दाबली, हळू, थोडी, आणखी थोडी. तुमची ती कडी दोन्ही चाकांना सारखं धरत होती. नाकाखालचं चाक काठीपासून चार बोटं अलीकडे थांबलं. वकीलसाहेब डोळे मिटून उभे होते. त्यांनी एक डोळा उघडला, काठी पाहिली, आणि काळा कोट, काठी, अध्यक्षपद सगळं विसरून ते माणसासारखे ओरडले, "अरे वा! अरे वा बाप्पा!"

मग कर्ण्यावरून त्यांनी विचारलं, "हा ब्रेक कोणी लावला?"

तुम्ही म्हणाले, "हिनं."

मी म्हटलं, "यांनी."

लोक हसले. दोन्ही उत्तरं खरी होती, हे त्या मैदानात दोघांनाच माहीत होतं. आणि मग बायकांनी चुन्याची रेघ ओलांडली. मुख्याध्यापिकाबाई सगळ्यांच्या पुढे, पर्स खुर्चीवर टाकून. माझी मावशी, जिनं लग्नाच्या वेळी "जास्त शिकलेली पोरगी संसार काय करन" म्हटलं होतं, तीसुद्धा. म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी माझे अंगठे हातात घेऊन पाहिले. एकीनं विचारलं, "काय वो बाई, आमच्या पोरीले शिकोशीन का?" मी म्हटलं, "पाठवा." आणि नंतर खरंच चार मुली शिकल्या.

त्यानंतर आपण कित्येक वर्षं उडवलं. दर रविवारी, विमान उतरलं की तुम्ही ते उचलून चाकांच्या बाजूचं लाकडी रीळ बघायचे. ब्रेक लागला असला की तातेनं तिथं लाकूड चकाकायचं. तुम्ही बघायचे, गुणगुणायचे आणि खाली ठेवायचे. कधी विचारलं नाहीत. मीही कधी म्हटलं नाही की हो, आज लावला. वरवर आपलं भांडण चालूच राहिलं. "आज वारा होता म्हणून," मी म्हणायची. "वाराच होता," तुम्ही म्हणायचे. एवढ्या वर्षांत एकदाही तुम्ही त्या आदल्या दिवशीच्या हुकाचा विषय माझ्यासमोर काढला नाहीत. दुसऱ्या कुणी तो जन्मभर ऐकवला असता.

शेवटच्या आठवड्यात मी सांगणार होते. तुमच्या उशाशी बसले, तोंडही उघडलं. "अहो, अमरावतीले मी..." तुम्ही डोळे न उघडता माझा अंगठा दाबलात. माफी मागायची राहिली असं मला चार दिवस वाटत होतं. आज वाटतं, तुम्ही ती ऐकून घेतली. आभार मात्र राहिले. ते आता मानते. मला चुकण्याची मुभा दिलीत, आणि मी चुकेन तेव्हा खाली आपटणार नाही याची सोयही करून ठेवलीत, तीही गुपचूप. भांडणातला माझा मुद्दा मी अजून सोडलेला नाही, हे लक्षात असू द्या. पण त्या दिवशी जिंकलात तुम्ही. आणि टाळ्या सगळ्या मला मिळू दिल्यात.

डोळ्यांसमोर आता सारखी प्रदर्शनाच्या संध्याकाळची ती अकोल्याची मोटार येते. माणसं खच्चून भरलेली. विमान टपावर टाकायला तुम्ही तयार नव्हता, म्हणून सुटे केलेले पंख छातीशी धरून दारात उभे होता. अंगभर एरंडेल, केसात धूळ. कंडक्टरनं पंख पाहिले आणि विचारलं, "काय हाये हे?"

"विमान."

"तुमी उडोता?"

तुम्ही गर्दीत माझ्याकडे मान केलीत आणि सगळ्या मोटारीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाई गा. डायवर ह्या हायेत. मी क्लीनर."

कोणी हसलं नाही. पुढच्या बाकावरचा एक पागोटेवाला शेतकरी उठला, बाक पंच्यानं झाडला आणि मला म्हणाला, "बसा डायवर साहेब." मी बसले. आणि तुम्ही अकोल्यापर्यंत उभे होता, ते दोन पंख हातात घेऊन, साऱ्या वऱ्हाडात तुमच्याएवढा मोठा माणूस नाही अशा ऐटीत.